पोत्याखालची हिरवी बुरशी

मी बुरशी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा. पण शिळ्या अन्नावर चढते ती मी नव्हे. मी मातीतली. ट्रायकोडर्मा हे माझं पाळण्यातलं नाव. रोपांची मुळं कुजवणाऱ्या वाईट बुरशींना मी खाते. त्यावरच माझं पोट.

माझा जन्म काचेच्या बाटलीतला. मग मला पांढऱ्या भुकटीत मिसळून पुडीत कोंडलं. मी झोपूनच गेले. जाग आली ती दचकून! एका बाईनं मला शेणखताच्या ढिगात कालवलं होतं, वरून पाणी शिंपडलं होतं आणि ओली पोती पांघरली होती.

ती त्या घरातली थोरली जाऊ. दोघी जावा मिळून घरामागे भाजी पिकवायच्या. आदल्या हंगामात त्यांचा टोमॅटोचा अख्खा वाफा मुळं कुजून फळांसकट उभ्या उभ्या वाळला होता. धाकटीनं तो स्वतःच्या हातांनी लावलेला. बिचारी दोन घास धड जेवेना. म्हणून थोरलीनं कुणाकुणाला विचारून मला आणलं.

ऊब मिळाली आणि मी फोफावले. आधी पांढरी, मग हिरवीगार. थोरलीनं पोतं उचलून पाहिलं आणि हसली. टोपलीभर खत तिनं वाफ्याच्या कडेच्या ओळीत घातलं. तेवढ्यात तिच्या आईला बरं नसल्याचा फोन आला. ती तशीच नेसत्या लुगड्यानिशी निघाली. धाकटीला सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं पोतं उचललं.

"अगं बाई! पुन्हा बुरशी?"

धावत जाऊन तिनं बुरशीनाशक आणलं, बादलीत कालवलं.

"आता बघतेच कशी वाचतेस!"

ते निळं पाणी माझ्यावर कोसळलं. मला काही समजेचना. ज्यांच्यासाठी मी इथे आले, त्यांच्याच घरची ही! माझे धागे जळत गेले, तुटत गेले. ढिगातली मी संपले. उरले ती फक्त कडेच्या ओळीत.

थोरली परतली तेव्हा धाकटी हौसेनं पुढे आली.

"ताई, खत वाचवलं बरं का! सगळी बुरशी मारून टाकली."

थोरलीच्या हातातली पिशवी गळून पडली.

"अगं, ती मीच लावली होती."

"लावली? बुरशी?"

"औषध होतं ते, अगं!"

धाकटी मटकन खाली बसली. थोरलीच मग तिच्याजवळ टेकली. "तुला सांगून जायला हवं होतं मी."

वाढलेली टोमॅटोची रोपं मात्र नवी पुडी रुजेपर्यंत थांबायला तयार नव्हती. दोघींनी तेच मेलेलं खत घालून लागवड केली. पुढे पाऊस लागून राहिला आणि मुळं कुजवणारी ती जुनी वैरीण आली. एकेक ओळ माना टाकत गेली. माझ्याकडेही आली. मी तिला विळखा घातला. अशी झुंज मी कधी दिली नव्हती!

पाऊस उघडला. वाफ्यात एकच ओळ हिरवी उभी होती. धाकटीनं मेलेलं रोप उपटलं. मूळ तपकिरी, लिबलिबीत. मग माझ्या ओळीत बोटांनी माती उकरली. मुळं पांढरीशुभ्र! ती तोंडावर हात ठेवून पाहतच राहिली.

"ताई... एवढा फरक?"

थोरलीनं वाकून ती मुळं हळूच पुन्हा मातीनं झाकली.

आता नवा ढीग रचलाय. थोरलीनं पुडीही आणलीय. पण धाकटीनं आधी माझ्या ओळीतली ओंजळभर माती उचलली, ढिगावर धरली आणि हळूच म्हणाली, "अहो, रागावला नसाल तर याल का?"

अहो! बुरशीला! मी इतकी चकित झाले की बराच वेळ मला वाढायचंच सुचलं नाही.

तुम्हीही कधी पोतं उचललंत आणि खाली हिरवं दिसलं, तर बादली जरा खाली ठेवा. घरात कुणाला तरी विचारा. मला 'अहो' नाही म्हटलंत तरी चालेल.