ऐंशी युनिट

धाकट्या बहिणीच्या, शिराझच्या मेंदीच्या दिवशी राबेब भरदुपारी दारात उभी राहिली, तेव्हा मावशीने टाळ्याच वाजवल्या. "या या, पाहुण्या! नवरीचं नाव तरी आठवतंय ना?"

राबेब आम्हा बहिणींत थोरली. सफाक्स शहरातल्या एका इस्पितळात शिकाऊ डॉक्टर, तिसरं वर्ष. बत्तीस तासांची ड्यूटी संपवून थेट आली होती. आईने पुढे ठेवलेल्या कुसकुसचे तिने दोन घास खाल्ले आणि मेंदीवालीसमोर हात पसरला. बसल्या जागीच तिचा डोळा लागला.

मी शेजारीच होते. तळवा निम्मा भरला असेल, ती दचकून उठली.

"मी आठ लिहिलं की ऐंशी?"

"काय?"

"इन्सुलिन. वॉर्डातल्या मन्नूबियाबाईंचं. दीडला द्यायचं होतं."

पावणेदोन वाजले होते. तिने वॉर्डात फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावायला गेली, तर मावशीने फोन हिसकावला. "आज इस्पितळ बंद! तुझ्यावाचून कुणी मरत नाही."

राबेबने फोन परत घेतला आणि ती तशीच उठली. शिराझ तेवढी म्हणाली, "जा ताई, जा." पण तिने मान वर केली नाही.

गाडी मी चालवली. ओली मेंदी रुमालाने खरवडत ती वाटभर पुटपुटत होती, "आठच. आठच असणार."

मन्नूबियाबाई घामाने थबथबल्या होत्या. हाक मारली तरी ओ नाही. हेदी नावाच्या नव्या पुरुष नर्सने औषधांचा कागद पुढे केला. ऐंशी. अक्षर राबेबचंच.

"विचारायला तुमच्या खोलीत गेलो होतो, डॉक्टर," तो रडवेला झाला होता. "कुणीच नव्हतं तिथे."

राबेबने शिरेतून साखर चढवली. दहा मिनिटांनी म्हातारीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी भिंतीला टेकून खाली बसले.

मोठे डॉक्टर आले, कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली. "वाचली ना? मग विषय संपला. त्यांच्या मुलीला काही सांगायचं नाही. आणि उद्या सातला ये, माणसं कमी आहेत."

ते गेल्यावर राबेब बाहेर आली आणि म्हातारीच्या मुलीला तिने सगळं सांगितलं. आकड्यासकट. मुलगी ओरडेल असं मला वाटलं होतं. पण तिने एवढंच विचारलं:

"शेवटचं झोपलात कधी?"

राबेब आठवू लागली. मग माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "आज वार कोणता?"

दुसऱ्या दिवशी लग्न होतं. सकाळी पावणेसातला खाली तिची गाडी सुरू झाल्याचा आवाज मी अंथरुणातूनच ऐकला.