एका फरशीवर एक

गावचे ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी भैरोबाच्या सभामंडपातल्या खांबाला रंगीत कागद चिकटवला आणि दिशानं बसल्या जागेवरून मान उंचावली. कागदावर भाकरीएवढं गोल होतं आणि ते जवळजवळ सगळं निळं होतं. निळा रंग मोटारसायकलचा. जीपच्या वाट्याला कडेची एक हिरवी आणि एसटीच्या वाट्याला एक पिवळी फोड तेवढी आली होती.

"ऐंशी टक्के मोटारसायकल," भाऊसाहेब म्हणाले. "तेव्हा अकोल्याहून येणारी संध्याकाळची एसटी बंद केली तरी गावाची हरकत नाही, असं आगाराला कळवतो. कुणाला काही बोलायचंय?"

कुणाला काही बोलायचं नव्हतं. अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं हे गाव एरवी बोलघेवडं, पण सरकारी कागद दिसला की तोंडात मिठाची गुळणी धरून बसतं.

दिशाला मात्र गप्प बसून चालणार नव्हतं. ती अकोल्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. सकाळी दुधाच्या टेम्पोत जागा मिळायची, पण परतायला ती एकच एसटी. तिच्या वडिलांनी, सूर्यभाननं, कालच सांगून टाकलं होतं, "एसटी बंद तर कालेज बंद. जीपला लोंबकळत पोरगी यायची न्हाई." माणूस वाईट नव्हता. पोर हुशार आहे, हे तो चारचौघांत अभिमानानं सांगायचा. पण एकदा बोलला की बोलला.

आणि गंमत बघा, त्या निळ्या भागात त्याचंही घर होतं. ग्रामपंचायतीचा शिपाई दारात येऊन "प्रवासाचं साधन काय?" म्हणाला, तेव्हा सूर्यभाननं अंगणातल्या मोटारसायकलकडं बोट दाखवलं. खोटं काय बोलला तो? इकडं घराला प्रश्न विचारला की घरचा कर्ता उत्तर देतो आणि तेच सगळ्या घराचं धरतात. शिपायानंही घरटी एक उत्तर घेतलं आणि तो पुढच्या दाराला गेला. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

दिशा उठली. "भाऊसाहेब, हे ऐंशी टक्के कशाचे?"

"कशाचे म्हणजे? गावाचे."

"घरांचे. एसटीत घर बसत नाही, माणूस बसतो. माणसं मोजा."

मंडपात खसखस पिकली. सरपंच गोरक्षनाथ हसत म्हणाले, "आता पुन्यांदा घरोघर कोन फिरनार, बाय?"

"फिरायचं न्हाई. बहुतेक गाव इथंच हाय. अकोल्याहून ज्यानं परत येता, त्याच्या रांगेत हुबं ऱ्हायचं. मोटारसायकल इकडं, जीप मधी, एसटी तिकडं."

पोरीची हौस म्हणून लोक उठले. मोटारसायकलवाले कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून असे ऐसपैस उभे राहिले की निम्मा मंडप त्यांनीच भरला. दिशा सोडली तर मंडपात बायका नव्हत्याच. ग्रामसभेला त्या येतात, पण बसतात खाली पायऱ्यांवर, पदर ओढून. दिशानं एकेकीला हाताला धरून वर आणलं, तर बहुतेकजणी एसटीच्या बाजूला खांबाशी अंग चोरून इतक्या दाटीनं उभ्या राहिल्या की दहाजणी दोन पुरुषांच्या जागेत मावल्या.

"बघ की," सरपंच म्हणाले. "डोळ्यानंच दिसतंय. मोटारसायकलच जास्त."

दिशाला रडू यायचं बाकी होतं. पण आता मागं हटायचं नाही, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. स्टॅटिस्टिक्सच्या अपूर्वा मॅडम पहिल्याच आठवड्यात बजावून गेल्या होत्या, चित्रात प्रत्येकाला सारखी जागा द्या, नाहीतर डोळे फसतात. तिनं खाली पाहिलं. मंडपाला चौकोनी शहाबादी फरशी होती.

"एका फरशीवर एकच माणूस," ती म्हणाली. "कुनी दोन घ्यायच्या न्हाईत आन अर्ध्या फरशीवर कुनी हुबं ऱ्हायचं न्हाई."

मोटारसायकलची रांग सरकत, आखडत मंडपाच्या टोकाच्या जरा अलीकडं येऊन थांबली. जीपच्या रांगेत मोजकीच माणसं होती. एसटीची रांग मात्र लांबतच गेली. फरश्या संपल्या तरी बाया उरल्या, त्या पायऱ्या उतरून अंगणात उभ्या राहिल्या. हसणारे आता मान वळवून रांगेचं शेपूट शोधत होते.

"मग माझे ऐंशी टक्के चुकले म्हणायचे?" भाऊसाहेबांचा चेहरा पडला होता.

"तेही खरेच," दिशा म्हणाली. "पुरुषांत बघा, दहातले आठ मोटारसायकलवाले. बायांत बघा, दहातल्या नऊ एसटीच्या. तुमी घरात एकालाच इचारलं आन तो पुरुष निघाला."

एवढ्यात सूर्यभानला समोरच्या रांगेत आपली बायको दिसली. "तू तिकडं कशाला गं? आपल्या घरी गाडी हाय ना."

झुंबरबाई चारचौघांत नवऱ्यापुढं कधी बोलली नव्हती. आईनं आता रांग सोडली, तर सगळंच मुसळ केरात.

"गाडी तुमची हाय," झुंबरबाई म्हणाली. "मी वरई इकून दर बाजारी एसटीनंच येते. तुमास्नी ठावं हाय की."

सूर्यभानला ठाऊक होतंच. पण ते कुठं मोजायचं असतं, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

सरपंच खाकरले. "भाऊसाहेब, एसटी ऱ्हायलीच पायजे, असं कळवा. आन या वक्ताला मानसागनिक लिवा."

भाऊसाहेबांनी कोरा कागद काढला. जवळ सूर्यभानच उभा होता. "बोला, तुमच्या घराचं काय लिहू?"

सूर्यभाननं बायकोकडं पाहिलं.

"माझं मोटारसायकल लिवा," तो म्हणाला. "तिचं तिला इचारा."

भाऊसाहेब तिच्याकडं वळले. झुंबरबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला, आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि मग म्हणाली, "एसटी."

दिशा आईच्या शेजारच्या रिकाम्या फरशीवर जाऊन उभी राहिली. "आता माझं लिहा," ती म्हणाली.