फळ्यावरचं ‘खाली’

कापड रंगवायच्या कारखान्यात हौद घासायला उतरणाऱ्यानं वरच्या फळ्यावर खडूनं तसं लिहून जायचं, हा तिथला शिरस्ता. पंपाच्या धडधडीत हाका कुणाला ऐकू येणार? तिचा नवरा हौद घासणारा, आणि लिहायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. ‘आत माणूस आहे’ एवढं लांबण कोण लावतो? तो ‘खाली’ एवढंच खरडायचा आणि शिडी उतरायचा. जुन्या व्हॉल्व्हवाल्याला ते पाठ होतं. तो काम सोडून गेला, परमुलखातला नवा आला, आणि त्यानं फळा वाचून उकळतं पाणी सोडलं. तिला नवऱ्याचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही.

नव्याचं कोठडीतून एकच म्हणणं. फळ्यावर ‘खाली’ लिहिलं होतं, म्हणूनच सोडलं. ऐकणाऱ्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. माणूस खाली आहे हे वाचून पाणी सोडलं, आणि वर तोंड करून सांगतोय! त्यात दोघांचं आधी वाजलेलंही होतं. नवऱ्याला नकला करायची भारी खोड. त्यानं ह्याच्या मोडक्यातोडक्या बोलण्याची नक्कल केली, चार माणसं हसली, आणि हा म्हणाला, “बघून घेईन.” ती डबा घेऊन फाटकाशी उभी होती, तिनं कानांनी ऐकलं. कारखान्यातली माणसं तर मूग गिळून बसलेली. सगळी मदार तिच्या जबानीवर होती, आणि जबानी उद्यावर आली होती.

दीर रोज येऊन सांगून जायचा, वहिनी, तेवढे दोन शब्द बोला, मग तो जन्मभर बाहेर येत नाही. तिला पढवायची काही गरज नव्हती. सकाळी डोळे उघडले की ती त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालायची, आणि त्या जोरावरच अंथरुणातून उठायची.

दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. व्हॉल्व्हवाल्याची बायको. हिनं दार लावायला हात घातला, तर ती उंबऱ्यातच बसली. भाषा येईना बिचारीला. हात जोडून पुन्हापुन्हा तेच म्हणत राहिली, “ताई, माझं घर खाली आहे.”

“खाली शिंपी राहतो,” ही कडाडली. “मला काय खुळी समजतेस?”

बाई गोंधळली. इकडेतिकडे बघत तिनं दाराजवळची बादली उचलली, उपडी केली, हलवून दाखवली. थेंब पडला नाही.

“खाली,” ती म्हणाली.

तसं आपणही ‘घर खाली कर’ म्हणतोच की! पण रिकाम्या बादलीला आपल्यात खाली म्हणत नाहीत, आणि इतक्या दिवसांत ही गोष्ट एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती. हिनं आतून पाण्याचा तांब्या आणला, फरशीवर चार थेंब टाकले आणि बोट टेकवून खूण केली, लिही. बाईनं लिहिलं. तेच ‘ख’, तोच काना, तीच वेलांटी.

दुसऱ्या दिवशी तिनं कोर्टात साहेबांसमोर ‘बघून घेईन’ही सांगितलं आणि बादलीचंही सांगितलं. साहेबांनी दुभाष्याला विचारलं. तो म्हणाला, खरं आहे. आपला शब्द इथल्या मातीतला, त्यांचा कुठल्या दूरच्या परक्या भाषेतून आलेला. एका नावाची दोन माणसं असावीत आणि त्यांचं नातं ना गोतं, तसं आहे हे. साहेबांनी ते सगळं उतरवून घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, आता खुनाचं कलम टिकायचं नाही.

बाहेर आल्यावर दीर तिच्यावर तुटून पडला. भावाचा घात करणाऱ्याला सोडवलंत, उद्या कुठल्या तोंडानं त्याच्या फोटोपुढं उभ्या राहाल?

“भावजी,” ती म्हणाली, “ह्यांनी बरोबर लिहिलं होतं. आणि त्यानं बरोबर वाचलं.”

दीर तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून निघून गेला. ती घरी आली, चपला काढल्या, भिंतीला टेकून बसली. सवयीनं शिव्या घालायला गेली, तर घालायला माणूसच उरला नव्हता. नवरा गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई तेव्हा पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडली.