एकदाच खंगाळलेला पंप

मित्रांनो, पूर्वी कुणी माझं कौतुक केलं की मी फुशारून जायचो. आता कुणी नुसतं माझ्याकडे बघितलं तरी धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं. मी फवारणीचा एक जुना पंप आहे. दप्तरासारखा पाठीवर घ्यायचा, डाव्या हाताने दांडा खालीवर करायचा आणि उजव्या हातातल्या नळीतून फवारा मारायचा, असा साधासुधा. सोळा लिटरची पिवळी टाकी, दोन पट्टे, एक झाकण आणि झाकणाखाली जाळीची गाळणी, एवढाच माझा संसार. आजवर मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी गप्प होतो. पण माझ्यामुळे जे झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कारखान्यात माझा जन्म झाला. तपासनिसाने माझ्यात पाणी भरलं, दांडा वीस वेळा हलवला, कुठून गळत नाही ना ते वाकून पाहिलं आणि पोटावर शिक्का मारला. गळत नाही म्हणजे आपण चांगले, एवढीच तेव्हा माझी समज होती. दुकानात चार महिने छताला लटकलो आणि मग आक्कांच्या शेतावर आलो.

शेत आक्कांचं. त्यांना सगळेच आक्का म्हणतात, भाजी न्यायला येणारी गिऱ्हाइकंसुद्धा. मला पाठीवर घ्यायचे ते त्यांचे धाकटे दीर. आक्का त्यांना भाऊजी म्हणतात, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. फार भला माणूस. एकच खोड, समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

पहिली नऊ वर्षं माझ्या पोटात विषच असायचं. किडीसाठी एक, बुरशीसाठी दुसरं, तणासाठी तिसरं. आम्ही निघालो की पाखरं भुर्रकन उडून जायची आणि मला वाटायचं, काय आपला दरारा! मग एका दुपारी भाऊजी वांग्याच्या ओळीत कोसळले. माझं झाकण ढिलं झालं होतं आणि सकाळपासून विष त्यांच्या पाठीवर झिरपत होतं. आठ दिवस ते दवाखान्यात होते. मी त्या ओळीत जसा पडलो तसाच पडून होतो, आणि कुणी मला उचललं नाही याचं मला वाईटही वाटलं नाही.

भाऊजी घरी आले त्या दिवशी आक्कांनी शेतातलं विष बंद केलं. मला भंगारात टाकतील असं वाटलं होतं. पण आक्कांनी पदर खोचला आणि धुण्याच्या सोड्याने मला तीन वेळा धुतलं. नळी नवी, वायसर नवे, झाकणही नवं घातलं. दर वेळी पाणी भरून दांडा मारमारून ते नळीतून बाहेर काढलं. मग पांढरा रंग आणून माझ्या पोटावर ठळक लिहिलं, ‘फक्त काढा’. लसूण आणि मिरची ठेचून केलेला तो काढा इतका झणझणीत, की कीड पळायचीच, पण भाऊजीही शिंकून शिंकून बेजार व्हायचे.

सहा वर्षं अशी गेली. आक्कांच्या शेतात विष नाही, या एका वाक्यावर सगळं शेत उभं होतं. गिऱ्हाइकं भोकं पडलेला पालाही हसत घेऊन जायची, कारण आक्कांनी सांगितलं होतं. आक्कांचा एकच कडक नियम होता, पंप कुंपणाबाहेर जाणार नाही.

एके दिवशी निरोप आला की उद्या शाळेची मुलं सेंद्रिय शेत बघायला येणार आहेत. आक्का रोपं आणि काठ्या मोजायच्या गडबडीत होत्या. तेवढ्यात कुंपणापलीकडचे शेजारी आले. त्यांच्या पंपाचा दांडा तुटला होता आणि त्यांना बांधावरचं तण मारायचं होतं.

“तासाभरात परत आणतो, भाऊ. धुऊनच आणतो,” ते म्हणाले.

भाऊजींनी आक्का कुठे आहेत ते पाहिलं. मग मला कुंपणावरून पलीकडे दिलं.

मित्रांनो, तणनाशक फार चिवट असतं. ते नळीत बसतं, टाकीच्या कोपऱ्यात बसतं, गाळणीच्या मागे बसतं. शेजाऱ्यांनी अर्धी बादली पाणी माझ्यात ओतून ओतलं तसंच बाहेर टाकलं. सकाळी भाऊजींनीही एकदा खंगाळलं. गाळणी काढली नाही, नळीतून पाणी सोडलं नाही. झाकणाला नाक लावून पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, “लसणाचाच वास येतोय. झालं.” माझ्या आत काय उरलंय ते मला कळत होतं. पण मी खुंटीला लटकून राहिलो, दुसरं करणार तरी काय?

मुलं आली. अठ्ठावीस मुलं आणि त्यांच्या बाई. गांडूळखताचा खड्डा बघून निम्मी ‘ईऽऽ’ करून मागे सरली आणि निम्मी आत हात घालायला पुढे धावली. त्यांत एक मुलगी होती, तिला सगळे ‘अधिकारी’ म्हणत. चौकशी अधिकारी! गांडुळाला डोळे असतात का, नसले तर त्याला संध्याकाळ झालेली कशी कळते, मिरचीचा काढा मधमाशीलाही झोंबतो का, असं तिचं अखंड चाललेलं. आक्कांना ती फार आवडली.

टोमॅटोच्या वाफ्यात प्रत्येकाने एकेक रोप लावलं आणि शेजारी आपल्या हजेरी क्रमांकाची काठी रोवली. अधिकारी सतरा नंबरची. माती दाबून झाल्यावर तिने दप्तरातून पट्टी काढली, रोप मोजलं, पानं मोजली आणि वहीत लिहिलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग आक्कांनी काढ्याची बादली आणली. भाऊजींनी मला खुंटीवरून काढलं आणि ते घुटमळले.

“वहिनी, आज फवारणी राहू द्यायची का? ऊन चढलंय.”

“अहो, दहा मिनिटांचं तर काम. पोरांना तेवढीच गंमत.”

भाऊजींनी मला बादलीशेजारी ठेवलं. अधिकारी माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिने मोठ्याने वाचलं, “फक्त काढा.” मग मान वर करून विचारलं, “म्हणजे याच्यात विष कधीच नव्हतं?”

“होतं की. आधी होतं,” आक्का म्हणाल्या. “पण गेली सहा वर्षं थेंबसुद्धा नाही. विचार हवं तर भाऊजींना.”

ती भाऊजींकडे वळली. “हो?”

“हो,” असं म्हणून भाऊजी माझा पट्टा आवळायला लागले. पट्टा आधीच आवळलेला होता.

मग मी एकेका पोराच्या पाठीवर गेलो. माझं ओझं पेलेना म्हणून भाऊजी मागून मला तोलून धरत होते. प्रत्येकाने आपापल्या रोपावर दोन दोन फवारे मारले. अधिकारीने तीन मारले, कारण तिला आपलं रोप सगळ्यात निरोगी हवं होतं. एवढी कोवळी पाठ मला कधी मिळाली नव्हती. त्या पाठीवर बसून मी काय केलं हे आठवलं की अजून मला कसंसंच होतं.

चौथ्या दिवशी वाफ्यातली पानं आत वळली. देठ पिळवटले आणि शेंडे जमिनीकडे झुकले. आक्कांना आधी रोग वाटला, मग पाणी कमी पडलं असं वाटलं. पण त्याच दिवशी लावलेला आणि न फवारलेला शेजारचा वाफा टवटवीत होता. त्या बराच वेळ दोन्ही वाफ्यांच्या मधे उभ्या राहिल्या. मग सरळ माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझी गाळणी काढली. गाळणीच्या मागे पिवळट चिकट थर होता.

“भाऊजी!”

भाऊजी आले आणि गाळणी बघताच खाली बसले. शेजारी, दांडा, एकदा खंगाळणं, सगळं त्यांनी सांगून टाकलं.

“आणि हा पोरांच्या पाठीवर दिलात?” आक्कांचा आवाज चढला नाही, उलट बसला. “एखाद्याच्या अंगावर सांडलं असतं तर? तुम्हाला तरी कळायला हवं होतं. तुमची पाठ भाजली होती ना?”

आक्कांनी बाईंना फोन लावला. मला वाटलं, आता सांगतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, “सहज केला. पोरं बरी आहेत ना सगळी?” पलीकडून हसणं ऐकू आलं. मुलं ठणठणीत होती आणि पुन्हा कधी जायचं म्हणून बाईंना भंडावून सोडत होती. आक्कांनी फोन ठेवला.

“बाईंनी ठरवलंय, दहा दिवसांनी पोरं पुन्हा येतील, मोजमाप करायला,” भाऊजी हळूच म्हणाले. “रोपवाटिकेतून अठ्ठावीस रोपं आणतो. त्याच काठ्यांपाशी लावतो. लहान पोरं ती, त्यांना काय कळणार?”

आक्का हो म्हणाल्या नाहीत, आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी पिळवटलेली रोपं उपटून कुंपणाजवळच्या खड्ड्यात टाकली. वाफ्यातली माती हातभर खोल काढून टाकली, नवी भरली आणि नवी रोपं लावली. आक्कांनी त्यांना पाणी घातलं. ते बघताना मला वाटलं, माझ्यातली घाण आता माझ्यापुरती राहिली नाही.

मुलं आली. सगळ्यांनी पट्ट्या काढल्या. आज पहिलं मोजमाप, असं बाईंनी सांगितलं. बाकी सगळ्यांचं ते खरंच पहिलं होतं. अधिकारीने मोजलं, वही उघडली, पुन्हा मोजलं.

“बाई, माझं रोप चौदा सेंटीमीटर होतं, आता अकरा भरतंय. आणि सहा पानं होती, चारच आहेत.”

सगळी मुलं खो खो हसली. “अधिकारी, तुझं रोप धुतल्यावर आटलं!” एकजण ओरडला. खुंटीवर मला ते वाक्य सुईसारखं टोचलं.

“अगं, रोप कधी लहान होतं का? मागच्या वेळी तूच चुकीचं मोजलं असशील,” बाई मायेनेच म्हणाल्या. “ते खोड आणि अकरा लिही.”

तिचे कान लाल झाले. एवढ्या प्रश्नांची ती पोर, पण तिने एकही प्रश्न विचारला नाही. खोडरबर काढला आणि चौदावर घासायला लागली. मित्रांनो, तिने लिहिलेलं खरं होतं. ते खरं ती स्वतःच्या हाताने पुसत होती आणि वाफ्याभोवती दोन मोठी माणसं नुसती बघत उभी होती.

“खोडू नको, बाळा,” भाऊजी म्हणाले. आवाज इतका घोगरा, की मी ओळखलाच नाही. “तू बरोबर मोजलंस. हे तुझं रोप नाही. तुमचं कुणाचंच नाही. तुमची मेली. मी मारली.”

मग त्यांनी मला खुंटीवरून काढून सगळ्यांच्या मधे ठेवलं आणि सांगितलं. पंप खराब होता असं ते म्हणू शकले असते. शेजाऱ्यांनी नीट धुतला नाही असंही म्हणू शकले असते, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण ते दर वाक्यात ‘मी’ म्हणाले. “तू मला विचारलंस तेव्हा मी हो म्हणालो. मला माहीत होतं.”

“आणि ही नवी रोपं मी लावू दिली,” आक्का म्हणाल्या.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. “तुम्ही तो फोन केला होतात, तो यासाठी?”

“हो.”

“पोरं बरी आहेत का, ते विचारायला?”

आक्कांनी होकारार्थी मान हलवली. बाईंनी मुलांना वाफ्यापासून लांब घेतलं.

अधिकारी मात्र जागची हलली नाही. “मग माझं रोप कुठाय?”

भाऊजी तिला आणि बाईंना कुंपणाजवळच्या खड्ड्याशी घेऊन गेले. तिला हात लावू न देता त्यांनी हातमोजे घालून एक वाळलेलं रोप काढलं आणि फरशीवर ठेवलं. ते तिचंच होतं की दुसऱ्याचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. तेही त्यांनी तिला सांगितलं.

“सरळ करून मोजू, की असंच?” तिने विचारलं.

“असंच मोज.”

तिने लांबूनच पट्टी धरली. नऊ भरलं. वहीत चौदाच्या खाली नऊ लिहिलं आणि पेन्सिल तशीच धरून म्हणाली, “कारण काय लिहू?”

“पंप नीट धुतला नव्हता,” भाऊजी म्हणाले. तिने ‘पंप’ एवढं लिहिलं असेल नसेल, तोच ते म्हणाले, “नको, थांब. असं लिही, भाऊजींनी पंप नीट धुतला नाही.”

तिने तसंच लिहिलं.

आता आक्कांकडे नवा पंप आहे. माझ्या पोटावरची अक्षरं त्यांनी स्वतः घासून काढली. आता मला झाडांसाठी कुणी वापरत नाही. शेजारी दोनदा येऊन गेले, पण आक्कांसमोर उभं राहायला त्यांना अजून जड जातं. काही गिऱ्हाइकं यायची थांबली. त्यांना आक्कांनीच घरी बोलावून सगळं सांगितलं होतं. बाई पुढच्या वर्गाला आणणार की नाही, ते अजून त्यांनी सांगितलेलं नाही. मला त्यांचा राग येत नाही.

मित्रांनो, उसनी आणलेली वस्तू परत करताना ती नीट धुवा. कोपरे धुवा, नळी धुवा, गाळणीच्या मागे बघा. घाईत एकदाच खंगाळलं असेल, तर निदान ‘एकदाच खंगाळलंय’ असं सांगा. त्या सकाळी कुणी एवढंच बोललं असतं, तर मी खुंटीवरच राहिलो असतो, आणि सतरा नंबरचं रोप आज तिच्या कमरेला लागलं असतं.