डावीकडून नावं

"डावीकडून सांगा," पिन्यानं फोटो उलटा केला आणि पेन्सिल सरसावली.

"कुलगुरू नूर्मेला. मग शिक्षणमंत्री, त्यांच्या शेजारी त्यांची बायको. कडेला मी." टाउनो जराही अडखळला नाही.

विद्यापीठाच्या दप्तरखान्यातली ही मुलगी सकाळपासून त्याच्या जेवणाच्या टेबलाशी बसून होती. टाउनो हेलास्वुओ निवृत्त होईपर्यंत विद्यापीठाचा वास्तुरचनाकार होता. त्याचे नकाशे, पत्रं, फोटो, सगळं आज खोक्यांत भरून जाणार होतं. त्यासाठी त्यानं टाय बांधला होता.

"एवढ्या फोटोंत मी कुठं सापडले का गं?" कॉफी ओतत इरमेलीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"नाही हो, अजून तरी नाही."

"सापडायची नाहीच. बरं, टाउनो, तो गवताचा माणूस दिलास का हिला?"

टाउनोनं हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. "कशाला ते? फालतू आहे."

"फालतू? मग विम्याच्या कागदांखाली इतकी वर्षं जपून कशाला ठेवलायस?" असं म्हणून ती उठली आणि तिनं ड्रॉवरमधून फोटो आणून टेबलावर ठेवलादेखील.

छप्पर चढलं की बांधकामाच्या मालकानं कामगारांना जेवू घालायचं, ही तिथल्या बांधकामांवरची रीत; जेवण चुकवलं तर कामगार मालकाच्या नावानं गवताचा माणूस छपरावर टांगत. गरम सूप, बिअर, चार शब्द कौतुकाचे. विद्यापीठाचं ग्रंथालय बांधलं त्या वेळी टाउनो नवा होता, कडक होता. 'सरकारी पैसा आहे. रोजचा पगार मिळतो ना तुम्हाला?' असं तो मुकादमाला सगळ्यांदेखत म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी छपराच्या टोकावर गवताचा माणूस टांगलेला होता. अगदी टाउनोसारखा गोल चष्मा आणि टाय घातलेला. वाऱ्यानं तो खाली येईपर्यंत टाउनो लांबच्या रस्त्यानं कामावर जात राहिला.

"मला तर मासेवाल्यानं विचारलं होतं," इरमेली पिन्याला म्हणाली, "बाई, साहेबांचे टाय मोजून घेतलेत ना?"

पिन्याला हसू फुटलं, पण टाउनोचा चेहरा पाहून तिनं ते आवरलं. "उद्घाटनाचे फोटो आमच्याकडे ढिगानं आहेत. कामगारांचा एकही नाही. हा मिळाला तर फार बरं होईल. पण कागद तुमचे आहेत. नको म्हणालात तर नाही नेणार."

टाउनोनं फोटो हातात घेतला. सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत टाकायला म्हणून त्यानं तो दोनदा नेला होता आणि दोन्ही वेळा परत आणला होता. त्या छपराचा इतका देखणा फोटो दुसरा नव्हता. एवढंच कारण. आपल्याच छपराच्या मोहापायी आपण आपली फजिती जपून ठेवली, हे त्यालाच आता कसंनुसं वाटलं.

"ने," तो म्हणाला.

"मग डावीकडून?"

फोटोत वर गवताचा माणूस लोंबत होता आणि छपराखालच्या फळ्यांवर सहा कामगार उभे होते, सगळे हसत. टोपीवाला तो मुकादम. दोन हिवाळे रोज त्याच्याशी वाद घातला होता. त्याच्या शेजारचा उंच माणूस. बर्फावरून टाउनोचा पाय घसरला तेव्हा त्यानंच दंड धरून वर ओढलं होतं.

"हे पहिले कोण?" पिन्यानं विचारलं.

"मुकादम."

"नाव?"

टाउनोनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"बरं, हे उंच?"

"नाही आठवत." मग कानांच्या पाळ्या तापल्या आणि त्यानं खरं ते सांगितलं. "विचारलंच नव्हतं कधी."

इरमेलीनं पावाची ताटली उगाच सरळ केली.

"असू दे," पिन्या म्हणाली, "आम्ही 'अज्ञात कामगार' असं लिहितो."

"थांब. इकडे दे."

टाउनोनं तिच्या हातून पेन्सिल घेतली. नकाशाच्या कोपऱ्यात लिहायचा तशा सरळ, सुटसुटीत अक्षरांत त्यानं फोटोमागे लिहिलं: 'वर, टांगलेला: टाउनो हेलास्वुओ, वास्तुरचनाकार.' खाली सहा ओळींची जागा त्यानं कोरी सोडली.