गुरुवारच्या बागा

हार्म दर गुरुवारी बागा बघायला जातो, हे फेन्नाला पहिल्या दिवसापासूनच पटलं नव्हतं.

लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण या माणसानं कधी एका फुलाचं नाव विचारलं नव्हतं. जन्मभर दुधाचा टँकर चालवला. निवृत्त झाल्यावर फेन्नाच्या बागेतलं गवत कापायचं आणि पालापाचोळा ओढायचा, एवढंच त्याच्याकडे काम. त्या बागेचं ओन्स्टवेड्डे या त्यांच्या गावात आणि आसपासच्या गावांत नाव होतं. दोरी लावून कातरलेली बुटकी कुंपणं आणि आत फक्त पांढरी फुलं. जूनमध्ये फाटकावर ‘बाग बघायला या’ अशी पाटी लागली की पार ग्रोनिंगन शहरातून लोक यायचे आणि दबक्या आवाजात बोलायचे.

आणि आता हार्म म्हणत होता की त्याला इतरांच्या बागा बघायच्या आहेत. कुठे गेला होतास विचारलं की म्हणायचा, दक्षिणेकडे, टेर आपेलच्या बाजूला. बाग कशी होती, तर छान होती. काय फुललं होतं, तर बरंच काही. मीही येते म्हटलं, तर वर न बघता म्हणाला, ‘‘तुला नाही आवडणार.’’

मग फेन्ना त्याचे बूट बघायला लागली. मागच्या दारात काढून ठेवलेल्या बुटांवर करडी, चिकट माती वाळलेली असायची, चाकूनं खरवडल्याशिवाय निघत नसे. टेर आपेलला सगळी वाळू. झटकली की बूट साफ. अशी माती उत्तरेला, फिन्स्टरवोल्ड गावाकडच्या समुद्राच्या बांधापाशी. म्हणजे तो दिशाच उलटी सांगत होता.

शेजारच्या वुब्बिनाला तिनं हे सहज म्हणून सांगितलं, पण वुब्बिनाला सहज काही सांगता येत नसे.

‘‘इस्त्रीचा शर्ट घालून जातो का?’’ वुब्बिनानं विचारलं.

‘‘नाही, जुनाच. कोपरावर फाटलेला.’’

‘‘मग जास्तच काळजी कर, बाई. फाटक्या शर्टात जातो, म्हणजे तिथे तो घरचाच झालाय.’’

फेन्ना हसली खरी, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी हार्मची गाडी वळणाआड गेली आणि ती वुब्बिनाची गाडी मागून घेऊन निघाली. गाडी नजरेआड झाली तरी तिला फिकीर नव्हती. फिन्स्टरवोल्डच्या पुढे बांधालगतचा एकच रस्ता आहे, आणि त्या सपाट मुलखात उभी गाडी लपत नाही. एका जुन्या शेतघरासमोर हार्मची गाडी तिला दिसलीच. फाटकावर खरोखरच पाटी होती, बाग बघायला या म्हणून. ती बघून तिचा संशय कमी होण्याऐवजी वाढला.

बाग बघायला आलेल्या कुणासारखीच ती आत शिरली. पुरुषी बूट घातलेली एक उंच बाई पुढे आली, आलिदा म्हणून नाव सांगितलं, थर्मासमधली कॉफी दिली, रुबार्बच्या आंबट देठांचा केक पुढे केला. फेन्नानं आपलं नाव सांगितलं नाही. ती बाईला निरखत राहिली. साठीची, उन्हानं रापलेली, बोलण्यावरून नवरा वारल्याला बरीच वर्षं झालेली. सुंदर म्हणावी अशी नव्हती, आणि त्यानं फेन्नाला मुळीच बरं वाटलं नाही.

बाग ऐसपैस आणि बेशिस्त होती. घराच्या मागे आलिदा थांबली. तिथे लाल, केशरी, जांभळे डेलिया माणसाएवढे वाढले होते, त्यांच्यातच शेंगांचे वेल घुसले होते, ओळ म्हणून नव्हती.

‘‘हा तुकडा माझा नाही,’’ आलिदा म्हणाली. ‘‘हार्म म्हणून एक गृहस्थ येतात, त्यांचा. एकदा बाग बघायला आले आणि इथे थोडी जागा मिळेल का म्हणाले. त्यांच्या घरी जागा नाही.’’

‘‘बायको नाही का त्यांना?’’

‘‘आहे की. बागकामात फार मोठं नाव आहे म्हणे तिचं. कौतुकानं सांगतात. मी म्हटलं, घेऊन या एकदा तिला. तर म्हणाले, ती आली तर हे सगळं उपटेल. पूर्वी एकदा त्यांनी घरी डेलिया लावले होते, ते तिनं उपटले होते.’’

फेन्नाला ते आठवायला वेळ लागला. लाल होते, पांढऱ्यांत डोळ्यांत खुपत होते. तिनं ते कचऱ्यावर टाकले होते, आणि हार्मनंच तो कचरा ओढून नेला होता.

वेलांमागून शीळ ऐकू आली. घरी तो कधी शीळ घालत नसे. मग पानं बाजूला झाली आणि हार्म गुडघ्यांवर बसलेला दिसला, हात कोपरापर्यंत मातीत. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे.

‘‘इथे चिखल आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तुझे बूट खराब होतील.’’

आलिदानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि कॉफीचं निमित्त काढून ती आत गेली. एका डेलियाला आधाराची काठी नव्हती, तो वाकला होता. काठी लाव, हे फेन्नाच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि त्या जांभळ्याचं नाव काय, असं विचारलं. हार्मनं नाव सांगितलं. मग त्याच्या शेजारच्याचं सांगितलं, मग त्याच्या पलीकडच्याचं, आणि ती उभी राहून ऐकत राहिली.

दोघं दोन गाड्यांतून घरी परतले. रात्रीच्या जेवणाला, बटाटे वाढताना, ती म्हणाली की शेडच्या मागचा वाफा त्यानं घ्यावा, काय हवं ते लावावं, हवं तर लालभडक लावावं.

हार्मनं काट्यानं एक बटाटा फोडला.

‘‘नको,’’ तो म्हणाला. ‘‘तिथे तू येशील.’’

रागानं म्हणाला असता तर तिला भांडता आलं असतं.

तरीही तिनं तो वाफा रिकामा केला. पांढरे गुलाब हलवले, माती भुसभुशीत केली आणि तशीच ठेवली. हार्मचे गुरुवार चालूच राहिले. आता तो निघताना फिन्स्टरवोल्डला जातो असं सांगायचा, आणि ती पाव बांधून द्यायची. आलिदाबद्दलचा संशय मनातून पुरता गेला होता असं नाही. पण तिथे ऐकलेल्या त्या शिळेचा जास्त त्रास व्हायचा.

पुढच्या जूनमध्ये लोक बाग बघायला आले तेव्हा त्या उघड्या मातीपाशी हमखास थांबायचे. इथे काय यायचंय, असं विचारायचे. फेन्ना सांगायची की ती जागा नवऱ्याची आहे, आणि त्यांना बागेतल्या छोट्या तळ्याकडे घेऊन जायची.