डावीकडचा कल

काठी ओरेस्टच्या माकडहाडाशी गार लागत होती, खांद्यांच्या मधोमध जरा टोचत होती, आणि डोक्याला… डोक्याला ती लागतच नव्हती. झाडूची काठी ती, झाडू काढून घेतलेली. यॉर्कटनच्या युक्रेनी चर्चच्या तळघरात व्यायामाचा वर्ग घेणाऱ्या डार्लीनला कणा सरळ आहे का ते बघायला दुसरं काही मिळालं नव्हतं. वरून वारेनिकीच्या सारणासाठी उकडलेल्या बटाट्यांचा वास येत होता.

काठी तिन्ही ठिकाणी टेकली की पाठ सरळ, असं डार्लीन नवशिक्यांना सांगे. ओरेस्ट आला होता तो डॉक्टरांनी पाठीसाठी सांगितलं म्हणून, आणि हान्यानं दंडाला धरून आणलं म्हणून. हान्या त्याच्या बायकोची, स्टेफ्काची, मैत्रीण. स्टेफ्का इथेच तिच्या शेजारी चटई टाकायची. तिला जाऊन एक हिवाळा उलटला होता.

"तुम्ही डावीकडे कललायत, ओरेस्ट," डार्लीन म्हणाली.

तो नाही म्हणाला. मी सरळच बसलोय, जन्मभर कुंपणाचे खांब नजरेनं रोवलेत, दोरी न लावता…

"म्हणूनच तुझ्या गायी आमच्या शेतात यायच्या," हान्या पुटपुटली, आणि मागच्या दोघी हसल्या.

डार्लीननं त्याच्या बरगड्यांना हात लावून त्याला उजवीकडे सरकवलं. वीतभरसुद्धा नसेल—पण त्यानं झटकन हात जमिनीला टेकला. पडतोय मी… आणि नेमकी तेव्हाच काठी डोक्याला लागली. हेच सरळ आहे, ती शांतपणे म्हणाली, आणि तिनं फोनवर आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवला. आधीच्या फोटोत एक म्हातारा डावीकडे झुकून बसला होता, शेजारी कुणी असल्यासारखा. ऐकत नव्हता तो, काहीतरी सांगत होता.

 स्टेफ्काचा डावा कान लग्नाआधीपासून अधू. म्हणून तो तिच्या उजव्या हाताला बसायचा—जेवताना, चर्चमध्ये, व्हरांड्यात—आणि डावीकडे वाकून बोलायचा. ती गेली, खुर्ची रिकामी झाली, आणि हाडांना कुणी कळवलंच नाही.

चटया गुंडाळताना त्यानं हे हान्याला हळू आवाजात सांगितलं. ती एक मोजा हातात धरून बसून राहिली.

"पण इथे तर तिला सगळं ऐकू यायचं," ती म्हणाली. "डाव्या कानात यंत्र घालायची ना. तुला माहीत नाही?"

यंत्र?

"केसांखाली दिसायचं नाही. घरी जाताना काढायची. म्हणायची, हे घातलं तर ओरेस्ट लांबूनच बोलेल." हान्या हसायला गेली आणि हसली नाही.

नेहमी काढायची का, त्यानं विचारलं.

"बहुतेक वेळा. कधी विसरायची. मग गाडीतून उतरल्यावर खिशात टाकायची, म्हणे."

गाडीतून उतरल्यावर.

गाडी तो चालवायचा, आणि इथे चालवणारा डावीकडे बसतो, म्हणजे गाडीत तिचा डावा कान त्याच्या बाजूला. जगात तेवढी एकच जागा होती जिथे तो तिच्याशी न वाकता बोलायचा… कारण तिथे तिला ऐकू येत नाही, असं तो धरून चालला होता. नजर रस्त्यावर ठेवून, मळणीबद्दल, पावसाबद्दल बोलावं तशा आवाजात तो बोलायचा. तुझं दुखणं वाढतंय, दिसतंय मला. माझ्याआधी जाऊ नकोस. घाबरतो मी. तू बाहेर गेलीस तरी घर मला खायला उठतं. उजव्या कानात हे कधी सांगता आलं नाही, तिथे तो फक्त मीठ कमी आहे एवढंच सांगे. एकदा धान्याच्या कोठारांपाशी तिनं काही न बोलता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि त्याला वाटलं, रस्ता निसरडा आहे म्हणून…

त्या दिवशी ते यंत्र कानात होतं का? कुणाला विचारायचं?

हान्या चल म्हणाली. तो उठला नाही. त्यानं आत राग शोधला, कारण फसवलं गेल्यावर माणसाला राग येतो. तो सापडला नाही. सगळा हिवाळा त्याला वाटत आलं होतं की ते शब्द वाया गेले, रस्त्यावर सांडले. आता ते कदाचित तिच्यापाशी पोचले होते. आणि या वयात, तळघरातल्या चटईवर बसल्या बसल्या, नवरदेवाला वाटावी तशी लाज त्याच्या मानेवरून वर चढत गेली, आणि तोंड कुठल्या बाजूला वळवावं ते त्याला कळेना.